फाटकवालीचं माहेर

मी उमरेड सोडलं त्या सकाळी बाबांनी माझी पत्र्याची पेटी स्वतः एस.टी.च्या टपावर चढवली. कंडक्टर हात पुढे करत होता, पण बाबांनी त्याला लावू दिला नाही. पेटीत दोन लुगडी, मॅट्रिकचं सर्टिफिकेट, टायपिंगचं सर्टिफिकेट आणि टेलिफोन खात्याचं नेमणुकीचं पत्र होतं. आई खिडकीखाली उभी राहून तेच तेच सांगत होती, "नुसता चहा पिऊन ड्युटीवर जाजो नोको. भात खाजो." बाबा शेवटी बोलले. "तिथं कोनी काही सांगतलं तं लगेच मान हालवू नोको. कोन सांगून राहिला, ते पयले पाय."

माझी थोरली बहीण यमुना सगळ्यांच्या मागे उभी होती. आम्ही तिला यमूबाई म्हणतो. मागावरून तशीच उठून आली होती, हाताला सुताची खळ वाळलेली. गाडी सुरू झाल्यावर ती खिडकीपाशी आली आणि म्हणाली, "सारं लिवजो, शांते. जे पायशीन ते सारं."

हे मी उमरेडला राहिलेल्यांसाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारखं पेटी घेऊन निघून आलेल्यांसाठीही. अलीकडे पेपरात दर रविवारी कोणीतरी 'हे सिनेमे पाहाच' म्हणून यादी देतं. यादीखाली लिहिलेलं असतं की असे सिनेमे सामान्य प्रेक्षकाच्या डोक्यावरून जातात. ते वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं. का फिरतं, ते एकदा नीट सांगायचं आहे.

यमूबाई चौथीनंतर शाळेत गेली नाही. घरात दोन माग होते आणि कांड्या भरायला हात कमी होते. गुरुजी दोनदा घरी आले, म्हणाले, पोरगी हुशार आहे, पाठवा. बाबा छप्पन साली नागपुरात दीक्षा घेऊन आले तेव्हा मी चार वर्षांची होते. तेव्हापासून ते ज्याला त्याला शिका म्हणून सांगत. पण घरात शिकवायचं कोणाला हा प्रश्न आला तेव्हा धाकटीला शिकवलं, कारण थोरलीचा हात मागाला बसला होता. यमूबाईनं कधी तक्रार केली नाही. तिनं तक्रार केली नाही याचा मला जास्त राग येतो.

नागपुरात आल्यावर पहिला महिना खोली शोधण्यात गेला. खोली पाहायची, पसंत करायची, मग घरमालकीण आडनाव विचारायची आणि आडनाव ऐकल्यावर तिला एकदम आठवायचं की खोली भाच्याला द्यायची आहे. असे सात भाचे मी मोजले. शेवटी सक्करदऱ्यात तळ्याच्या बाजूला एका नर्सबाईंकडे जागा मिळाली. त्यांनी आडनाव विचारलं नाही, ड्युटी कधी असते तेवढं विचारलं. एक्स्चेंजमध्ये डोक्याला हेडफोन लावून मी दिवसभर लोकांना जोडून द्यायचे. अमरावती बोला, रायपूर बोला, तीन मिनिटं झाली. उमरेडच्या आमच्या मोहल्ल्यात मात्र एकही टेलिफोन नव्हता. माझ्या घराशी बोलायला माझ्याकडे आंतर्देशीय पत्र तेवढं होतं.

दुसऱ्या वर्षी पेपरात लहानशी जाहिरात पाहिली. एका चित्रपट मंडळाला रविवारी टायपिंग करणारं कोणी हवं होतं. मंडळ एका कॉलेजच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी सिनेमा दाखवायचं. असे सिनेमे की जे सीताबर्डीच्या कोणत्याच टॉकीजला लागत नसत. सचिव कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, सगळे त्यांना सरच म्हणत. खरं सांगायचं तर सर माझ्याशी चांगले वागले. टायपिंगच्या बदल्यात त्यांनी मला सभासद करून घेतलं, आडनाव ऐकून त्यांची भुवई हलली नाही. दर महिन्याला 'अवश्य पाहावे' असं एक चार पानी पत्रक निघायचं. मी स्टेन्सिल कापायची, सायक्लोस्टाइल करायची आणि रविवारी हॉलच्या दाराशी उभं राहून वाटायची.

त्या हॉलमध्ये मी जे पाहिलं ते मला कोणी शाळेत शिकवलं नव्हतं. एका सिनेमात दोन भाऊ घराची वाटणी करतात, सगळं वाटून होतं, शेवटी आईनं लावलेल्या लिंबाच्या झाडावर अडतं. दोन तास बाकी काही घडत नाही आणि तरी आपण हलत नाही. दुसऱ्या एकात लहानशा स्टेशनवर पाणी पाजणारा म्हातारा असतो. त्याला एका प्रवाशानं चिठ्ठी दिलेली असते, पुढच्या गाडीतल्या बाईला द्यायची म्हणून, आणि त्याला वाचता येत नाही. कोणाकडून वाचून घ्यावी की घेऊ नये, एवढ्यावर तो अख्खा सिनेमा. मिळाले तर हे दोन्ही पाहा. मिळायचे नाहीत, ते सोडा.

रविवारी दुपारी खोलीवर आले की मी यमूबाईला पत्र लिहायला बसायचे. सबंध सिनेमा लिहायची. कोण कुठे उभं होतं, पदर कोणत्या खांद्यावर होता, सगळं. आंतर्देशीय पुरायचं नाही, म्हणून बारीक अक्षर काढायचे आणि कडेनेही लिहायचे. यमूबाईचं लग्न गावातच झालं होतं, नवरा कोळशाच्या खाणीत होता आणि ती माहेरच्याच मागावर काम करायची. दुपारी मोहल्ल्यातल्या बाया आमच्या पडवीत कांड्या भरायला बसत. तिथे यमूबाई माझं पत्र वाचायची. आधी वाचायची, मग पत्र बाजूला ठेवून स्वतःच्या भाषेत सांगायची. आई म्हणायची, तुझ्या पत्राच्या दिवशी कांड्या कमी भरल्या जातात पण कोणी घरी जात नाही.

मग पोस्टकार्डावर यमूबाईचे प्रश्न यायचे, चौथीतल्या गोल अक्षरात. 'लिंबाचं झाड वाटलं नाही तं मग लिंबं कोनं खाल्ले?' 'त्या म्हाताऱ्याले बायको होती का? बायकोनं चिठ्ठी उघडून पायली असती.' मी हसायची. हसून झाल्यावर लक्षात यायचं की हॉलमध्ये चर्चेला बसलेल्या चाळीस जणांपैकी हे कोणी विचारलं नव्हतं.

मग तो फाटकवालीचा सिनेमा आला. पूर्वेकडच्या भाषेतला, काळापांढरा, दिग्दर्शकाचा पहिलाच. रेल्वेच्या फाटकावर एक माणूस नोकरीला असतो. त्याची नजर जायला लागते. हे कळलं तर नोकरी जाईल, म्हणून त्याची बायको त्याच्या जागी काम करायला लागते. गाडीची वेळ झाली की फाटक लावायचं, गाडी गेली की उघडायचं, हिरवा झेंडा दाखवायचा. साहेब तपासणीला आला की ती आत जाते आणि आंधळा नवरा झेंडा घेऊन उभा राहतो, ती झोपडीतून हळू आवाजात सांगते, आता वर कर. अशी वर्षं जातात. शेवटी नवरा निवृत्त होतो, साहेब त्याच्या गळ्यात हार घालतो, आणि ती मागे उभी असते. नवा फाटकवाला येतो तेव्हा तो तिलाच विचारतो, मेलची वेळ काय.

हे सगळं मी यमूबाईला लिहिलं. आठ दिवसांनी कार्ड आलं. 'शांते, ती बाई साऱ्याइले फाटक उघडून देते. बैलगाडी जाते, वरात जाते, मयत जाते, ते तू लिवलं. ती सोता रूळाच्या पल्याड कधी गेली का? ते तू लिवलं नाही. गेली का नाही गेली?'

मी ते कार्ड हातात धरून बसले. सिनेमा डोळ्यांपुढून पुन्हा नेला. ती नेहमी झोपडीच्याच बाजूला होती. मी पाहिलं होतं त्यात ती पलीकडे गेलेली मला आठवेना. मी यमूबाईला उलट टपालानं कळवलं, नाही गेली.

त्या महिन्यात सरांनी मला पहिल्यांदाच पत्रकासाठी चार ओळी लिहायला सांगितल्या होत्या. मी फाटकवालीवर लिहिलं आणि त्यात घातलं की उमरेडच्या माझ्या बहिणीनं, जिनं हा सिनेमा पाहिला नाही, पत्रातून असं विचारलं आहे. सरांनी मजकूर वाचला, यमूबाईच्या ओळींवर निळ्या शाईनं रेघ मारली आणि म्हणाले, "हे जरा वैयक्तिक होतंय. पत्रकात बहीणबिहीण नको." मी रेघेप्रमाणे स्टेन्सिल कापली. सर म्हणजे सर, मला काय कळतं, असंच मला वाटलं. बाबांनी बसस्टँडवर सांगितलं होतं ते मी विसरले होते.

तीन महिन्यांनी मंडळाच्या टेबलावर मुंबईचं एक मासिक पडलं होतं. त्यात सरांचा लेख होता, फाटकवालीवरच. सभासद एकमेकांना वाचून दाखवत होते. लेखाचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा होता. संपूर्ण चित्रपटात ही स्त्री एकदाही रूळ ओलांडून पलीकडे जात नाही, हे आजवर कोणाच्या ध्यानात आलेलं नाही, असं सरांनी लिहिलं होतं. पुढे होतं की पलीकडे काय आहे हे तिला ठाऊकच नाही, आपली ग्रामीण स्त्री अशीच असते, रूळ हीच तिच्या जगाची कड. आणि शेवटच्या परिच्छेदात खंत होती. ज्या लोकांवर असे चित्रपट निघतात त्यांनाच ते कळत नाहीत, ही आपल्याकडची शोकांतिका, वगैरे.

मला आधी काही वाटलंच नाही. मग लेख पुन्हा वाचला. चोरीपेक्षाही तो शेवटचा परिच्छेद मला लागला. ज्या बाईचा प्रश्न उचलला, तिलाच त्याच लेखात खाली अडाणी म्हटलं होतं.

पुढच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर विचारलं. "सर, हा मुद्दा माझ्या बहिणीचा आहे. तुम्ही पत्रकातून काढलात तो."

सर चिडले नाहीत. ते समजुतीनं बोलले, ते जास्त वाईट होतं. "शांताबाई, कल्पना कोणाच्या मालकीच्या नसतात. तुमच्या बहिणीनं भाबडेपणानं काहीतरी विचारलं असेल. त्यात अर्थ आहे हे कळायला दृष्टी लागते."

"तिला दृष्टी होती म्हणूनच विचारलं."

"बरं," सर हसून म्हणाले, "समजा हा सिनेमा आपण तुमच्या उमरेडला दाखवला. किती जण शेवटपर्यंत बसतील? अर्ध्या तासात लोक उठून जातील. यात गाणं नाही, मारामारी नाही. मी त्यांना दोष देत नाही, पण हे असं आहे."

दोघातिघांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, "मग दाखवूच." मंडळानं प्रिंट द्यायला नकार दिला. नियमात बसत नाही म्हणाले.

दिग्दर्शकाचा पत्ता माझ्याकडे होता. मंडळाची सगळी पत्रं मीच टाइप करायची. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत त्याला दोन पानं लिहिली, यमूबाईच्या कार्डासकट सगळं. दीड महिना उत्तर आलं नाही. मग एक पोस्टकार्ड आलं. लहान मशीनवर चालणारी सोळा एमएमची एक प्रिंट एका फिल्म लायब्ररीत पडून आहे, तिथे मी लिहिलं आहे, ती रेल्वे पार्सलनं येईल, दहा दिवसांत परत करा. खाली एकच ओळ होती. तुमच्या बहिणीला उत्तर माझ्याकडून नको, तिला सिनेमातूनच मिळू दे. त्या ओळीचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. सौजन्यानं लिहिलं असेल, असं वाटलं.

मंडळाचं मशीन चालवणारे रहीमभाई लग्नाकार्यात, शाळांमध्येही मशीन घेऊन जायचे. त्यांना विचारलं तर म्हणाले, "बहनजी, मशीन मेरी अपनी है, मंडल की नहीं. बस के टप पर नहीं रखने दूँगा, बाकी चलो." प्रिंटचे डबे मी मांडीवर घेतले, मशीन त्यांनी घेतलं, आणि एका रविवारी सकाळी आम्ही उमरेडला उतरलो.

बाबांनी विणकर सोसायटीचं गोदाम मागून घेतलं होतं. खिडक्यांना सतरंज्या आणि पोती ठोकली होती. पडद्यासाठी यमूबाईनं मागावरच पांढरं कापड विणलं होतं. मागाचा पन्हा तो केवढा, म्हणून दोन तुकडे जोडले होते आणि पडद्याच्या बरोबर मधून उभी शिवण गेली होती. भर दुपारी गोदाम भरलं. बाया पुढे, माणसं मागे, पोरं कुठेही. यमूबाई पहिल्या रांगेत मधोमध बसली. गोष्ट सांगून सांगून हा सिनेमा तिचा झाला होता, बाया तिच्याकडे घरच्या लग्नातल्या वरमाईकडे पाहावं तसं पाहत होत्या.

रहीमभाईंनी मशीन सुरू केलं. मी पडद्याच्या बाजूला उभी राहून खालची इंग्रजी अक्षरं मराठीत सांगू लागले. पाचच मिनिटांत यमूबाई म्हणाली, "शांते, तू बस. समजते आमाले."

मी बसले.

अर्ध्या तासानं काही माणसं उठली, हे मी लपवणार नाही. एकानं जाताना विचारलं, "यात गानं नाही काहून गा?" आठदहा जण गेले. सरांच्या हॉलमधूनही दर रविवारी आठदहा जण जायचे, फरक एवढाच की ते घड्याळाकडे पाहून जायचे. बाकीचे बसले. आंधळा नवरा साहेबासमोर झेंडा घेऊन उभा राहिला आणि आतून बायकोचा आवाज आला, तेव्हा गोदामात कोणी खोकलंसुद्धा नाही. हार घालायच्या प्रसंगाला मागून आमच्या शेजारच्या गंगामावशीचा आवाज आला, "तिच्या गळ्यात घाल ना रे बाबा." ती साहेबाला सांगत होती.

सिनेमा संपला. पोती काढली, ऊन आत आलं. बाया डोळे चोळत होत्या. यमूबाई उठली नाही. ती पडद्याकडे बघत म्हणाली, "शांते, तू मले खोटं लिवलं."

"काय खोटं लिहिलं?"

"तू लिवलं का ती पल्याड गेली नाही."

"नाहीच गेली. तू पाहिलंस ना आता."

"गेली नाही," यमूबाई म्हणाली, "पन ती पल्याडूनच आली हाये वं. सुरुवातीले. नावं येऊन राहिली होती तवा. माणूस पुढं चालते, अन् मागून ती येते, डोईवर पेटी घेऊन. रूळ ओलांडते, मंग एकदा मागं वळून पायते. नवी नवरी हाये. तिचं माहेर हाये तिकडं."

मला काहीच समजेना. मी रहीमभाईंकडे पाहिलं. ते म्हणाले, "पहला रील फिरसे लगाऊँ?"

पुन्हा सतरंज्या ठोकल्या. जे घरी निघाले होते तेही बसले. पहिलं रीळ सुरू झालं. पडद्यावर अक्षरं यायला लागली, कॅमेरा कोणाचा, संगीत कोणाचं. आणि अक्षरांच्या मागे, लांब, नखाएवढी, एक बाई रूळ ओलांडून येत होती. डोक्यावर पेटी, पुढे माणूस. रूळ ओलांडल्यावर तिनं मागे वळून पाहिलं. मग नावं संपली आणि गोष्ट सुरू झाली.

मी हे कधीच पाहिलं नव्हतं. नावं येत असताना मी हॉलच्या दाराबाहेर पत्रकं वाटत असायची. सर दाराशी पाहुण्यांना आत घेत असायचे. मघाशी गोदामातही मी पडद्याच्या कडेला उभी राहून अक्षरांवरच नजर ठेवून होते. जे आत बसलेले असायचे ते अक्षरं वाचायचे, कारण त्यांना वाचता यायचं. यमूबाईला ती अक्षरं वाचता येत नव्हती, म्हणून तिला बाई दिसली.

यमूबाईला मात्र याचं काहीच नवल नव्हतं. ती वेगळ्याच विचारात होती. पडद्याचं कापड काढताना म्हणाली, "मले वाटलं होतं तिले पल्याड काय हाये ते मालूमच नाही. तसं नाही. तिले सारं मालूम हाये. रोज दिसते. ज्याइचं फाटक ती उघडते त्यातले अर्धे तिच्या माहेरचे असतीन. अन् ती जात नाही, काहून का गाडीची वेळ होते." सरांच्या लेखाचं मी तिला आधीच कळवलं होतं. कापडाची घडी घालत म्हणाली, "त्या तुझ्या सरांले सांगजो. चुकीचं लिवलं म्हना."

त्या संध्याकाळच्या गाडीत बसले तेव्हा मला माझ्याच शिक्षणाची लाज वाटत होती. मी बहिणीची वकिली करायला गेले होते आणि तिला वकील लागत नव्हता.

सरांना मी सांगितलं. ते म्हणाले, "मी हा चित्रपट तीनदा पाहिलाय." मी विचारलं, "पहिली दोन मिनिटं किती वेळा पाहिलीत?" एवढं मान्य करीन, त्यांनी खोटं रेटलं नाही. मग म्हणाले, "पण लेख आता छापून झाला आहे."

"दुरुस्ती छापा."

"मासिकं अशा बारीकसारीक दुरुस्त्या छापत नाहीत, शांताबाई."

बारीकसारीक. त्यांच्या सबंध लेखाचा पाया गेला होता. तिला पलीकडचं ठाऊक नाही म्हणून ती अशी, हे त्यांनी लिहिलं होतं, आणि सिनेमा पहिल्याच मिनिटाला सांगत होता की ती तिकडूनच आली आहे. तिला ठाऊक नाही, त्यांना कळत नाही, ही वाक्यं किती सहज लिहिली जातात. लिहिणारा खुर्ची शोधत असतो तेवढ्यात ती बाई त्याच्या समोरून चालत गेलेली असते.

पुढच्या पत्रकाची स्टेन्सिल माझ्याकडे आली. चौथ्या पानावर खाली जागा रिकामी होती. मी तिथे टाइप केलं: 'दुरुस्ती. फाटकवालीचं माहेर रुळांच्या पलीकडे आहे. श्रेयनामावली चालू असताना ती तिकडून येताना दिसते. हे उमरेडच्या यमुनाबाईंनी, सिनेमा एकदाच पाहून, लक्षात आणून दिलं. मंडळाच्या सचिवांच्या लेखातलं विधान चूक आहे.' कोणाला विचारलं नाही. सायक्लोस्टाइल केलं आणि रविवारी दाराशी उभं राहून सगळ्यांच्या हातात दिलं.

पुढच्या आठवड्यात मला कळवण्यात आलं की मंडळानं टायपिंगची दुसरी सोय केली आहे. सभासदत्वाचं काय, हे कोणी बोललं नाही. मीच गेले नाही. दोन सभासद एक्स्चेंजच्या फाटकाशी येऊन भेटले, म्हणाले, तुमचं बरोबर होतं. मी म्हटलं, हे बैठकीत बोला. ते बोलले की नाही, मला माहीत नाही.

सरांच्या लेखांचं पुढे पुस्तक झालं. मी वाचनालयात उघडून पाहिलं. फाटकवालीचा लेख आहे, शब्दही न बदलता. दुसरी आवृत्तीही निघाली, तीही पाहिली. आता कॉलेजची पोरं त्या पुस्तकावरून लिहितात. मी दोन पेपरांना पत्रं पाठवली, कोणी छापलं नाही. एवढ्या वर्षांत राग निवायला हवा होता, असं नर्सबाई म्हणतात. माझा निवला नाही आणि निवावा असं मला वाटतही नाही. चूक जोवर छापली जाते आहे तोवर मी रागावून राहीन.

नागपुरात आता टीव्ही आहे, गल्लीत व्हिडिओ आहे. एक्स्चेंजमधल्या नव्या मुली विचारतात, ताई, कोणता सिनेमा पाहू? मी सांगते. फाटकवालीचा सांगते, लिंबाच्या झाडाचा सांगते. आणि सांगते की नावं सुरू व्हायच्या आधी जाऊन बसा, अक्षरं वाचू नका. त्या हसतात. मला लोक विचारतात तुमचं घर कुठे, तर मी सक्करदरा सांगते. तिथे माझी चूल आहे, गादी आहे, निवृत्तीपर्यंतचे दिवस आहेत. बाबा गेले, आई गेली, आमचे दोन्ही माग विकले गेले. उमरेडला माझ्या नावाचं आता काही नाही. बरीच वर्षं मला वाटायचं, मी तिकडच्यांना जग दाखवते आहे. पत्रं लिहिते, सिनेमे नेते. निघून गेलेल्या माणसाला असा माज येतो, तुमच्यापैकी निघून आलेल्यांना हे पटेल.

गेल्या साली यमूबाईच्या घरी टीव्ही आला. रविवारी दुपारी दूरवरच्या भाषांतले सिनेमे लागतात, तेच, ज्यांच्यासाठी एके काळी मी स्टेन्सिली कापल्या. तिच्याकडे सगळा मोहल्ला बसतो. माझी रविवारी ड्युटी असते, माझे चुकतात.

परवा तिचं पत्र आलं. पोस्टकार्ड नव्हतं, आंतर्देशीय होतं, कडेनंसुद्धा लिहिलेलं. एक सिनेमा होता, मीठ पिकवणाऱ्या लोकांचा, तिनं सबंध लिहिला होता. कोण कुठे उभं होतं, पाणी कुठून येत होतं, बाईनं मुलाला मारलं तेव्हा तिचा हात कसा थांबला. वाचताना मला तीन ठिकाणी विचारावंसं वाटलं. मी पेन घेतलं आणि पत्राची शेवटची ओळ वाचून खाली ठेवलं. तिनं लिहिलं होतं, 'यात काही समजलं नसंन तं पत्र लिवत बसू नोको. सुट्टी काढून घरी ये. मी सांगतो.'

शनिवारच्या गाडीनं मी गेले.